माळ्याचे हात आणि माझं प्रामाणिक मत

...आणि वर मलाच म्हणतात, "अगं, लाजतेस काय एवढी, पुस्तकाबद्दल तर बोलायचंय!" पुस्तकाबद्दल तर! ऐकलंत? म्हणजे मला कुणी विमान चालवायला सांगितलं असतं तर लाजायची परवानगी होती, पण पुस्तक म्हणजे काय, तोंड उघडायचं की आपोआप बाहेर! तुम्हाला सांगते, भाजीवाल्याला "ही जुडी नको, ती द्या" एवढं सांगायचं असलं तरी मी घरापासून कोपऱ्यापर्यंत त्या वाक्याची तालीम करत जाते, आणि तिथे पोचल्यावर तो विचारतो, "काय हवंय?" आणि मी म्हणते, "काही नाही," आणि त्याने हातात कोंबलेली पिवळी जुडी घेऊन परत येते. अशा मुलीला माइकसमोर उभं करायचं आणि म्हणायचं, मत दे. कसलं मत? तर आपलं, स्वतःचं, प्रामाणिक!

हे आमच्या भाषेच्या बाईंचं. आपलं, स्वतःचं, प्रामाणिक. तिन्ही शब्द एका दमात, आणि "प्रामाणिक"ला डोळे मिटतात. यंदा त्यांच्या डोक्यात आलं की मुलं वाचत नाहीत. तर प्रत्येकाने वेगवेगळ्या प्रकारची पुस्तकं वाचायची, एखादी रहस्यकथा, एखादं चरित्र, कविता, प्रवासवर्णन, शिवाय ज्यातून माणूस सुधारतो असं काहीतरी, आणि सभागृहात सगळ्या वर्गांसमोर सांगायचं, कसं वाटलं. मुलांनी काय केलं माहितीये? पहिल्याच मुलाने येऊन सांगितलं, "भाषा ओघवती आहे, पात्रं जिवंत आहेत आणि मुखपृष्ठ आकर्षक आहे." टाळ्या! झालं... त्यानंतर जो येतोय तो हेच. चरित्रातली पात्रं जिवंत, कवितेतली पात्रं जिवंत, एकाने तर ज्वालामुखींची माहिती वाचली होती, त्यातलीही पात्रं जिवंत! आणि बाई डोळे मिटून, "वा! आपलं, स्वतःचं, प्रामाणिक!"

आणि मला मात्र खरोखरची मतं आहेत हो! हाच तर सगळा घोळ आहे. मतांनी मी नुसती तुंबलेय.

कशी ते सांगते. माझे बाबा बाइंडर आहेत. मोठ्या ग्रंथालयातली फाटकी पुस्तकं पेट्या भरभरून आमच्या घरी येतात. बाहेरच्या खोलीत काम, आतल्या खोलीत आम्ही, मधे दार नाही, पडदा आहे, आणि त्या पडद्यालाही खळ लागून तो पुठ्ठ्यासारखा झालाय. तर बाबा आधी पुस्तकाचं कव्हर सोलून काढतात, मग जुना दोरा कापून पुस्तक सुटं करतात. सोळा पानांची एकेक घडी निघते, तिला फर्मा म्हणतात. हे फर्मे पुसून, चिकटवून पुन्हा ओळीने लावायचे, हे बाबांचं काम. ते सुईदोऱ्याने एकत्र शिवायचे, हे आईचं. मग खळ, मग नवा पुठ्ठा, मग लोखंडी दाबात घालून चाक फिरवायचं. आणि माझं काम? माझं काही नाही. मी कोपऱ्यात बसून गृहपाठ करते. म्हणजे घरात सगळ्यांना वाटतं की गृहपाठ करते. वहीच्या आत फर्मा असतो.

त्यामुळे झालंय काय, मी वाचते ती सगळी पुस्तकं सोललेली. कव्हर नाही, नाव नाही, लेखकाचा गोंडस फोटो नाही. मुखपृष्ठ आकर्षक आहे की नाही, मला काय माहीत? मुखपृष्ठ मी फक्त रद्दीच्या टोपलीत बघते.

पण आतलं सगळं बघते ना. आता ते यशस्वी कसं व्हावं याचं पुस्तक घ्या. हे सगळ्यात जास्त वेळा दुरुस्तीला येतं, आणि कसं येतं, तर पहिलं प्रकरण मळून चिंधी झालेलं आणि बाकीचं पुस्तक कोरं करकरीत! म्हणजे लोक यशस्वी व्हायला बसतात आणि जेवायची वेळ झाली की उठतात. आणि पहिल्या प्रकरणात काय आहे? पहाटे उठा! अहो, माझे बाबा जन्मभर पहाटे उठतायत, आणि उठून काय करतात, तर पहाटे उठा सांगणारी पुस्तकं शिवून घेतात! चरित्र वाचलं, एका कारखानदाराचं. बालपण तीन फर्मे, कारखाना आठ फर्मे, सत्कार पाच फर्मे, आणि बायकोबद्दल एक ओळ, "पत्नीची मोलाची साथ लाभली." एक ओळ! मी खरंच सगळे फर्मे पुन्हा तपासले, म्हटलं बायकोचा एखादा फर्मा गळून पडला की काय. नव्हता पडला. प्रवासवर्णन वाचलं तर त्यातला माणूस जिथे जाईल तिथे त्याचं पोट बिघडतं. समुद्र बघितला, पोट बिघडलं. बर्फ बघितलं, पोट बिघडलं. शेवटी मला देशांची नावं विसरायला झाली आणि औषधांची पाठ झाली!

पण हे मी सांगू कुणाला? बाबांना? बाबांचं पुस्तकांबद्दलचं मत एवढंच, की कागद बरा आहे किंवा कागद भिकार आहे. कविता त्यांना आवडत नाहीत, का, तर पुस्तक इतकं बारीक की कण्यावर नाव मावत नाही. आईला कविता आवडतात, का, तर शिवायला दोनच फर्मे. मला एक कविता फार आवडली होती, दुसऱ्या कडव्यापर्यंत पोचले होते, तेवढ्यात बाबांनी वहीतून फर्मा ओढून नेला आणि म्हणाले, "तुझ्या वह्यांत माझी पानं जातातच कशी गं?"

मत! मला मत विचारतं कोण?

आणि मग ती रहस्यकथा आली.

तुम्हाला सांगते, तोवर मी रहस्यकथा खूप वाचल्या होत्या आणि सगळ्यांचा मला राग होता. त्यात तो तपास करणारा शहाणा सगळीकडे नाक खुपसत हिंडतो, राख हुंगतो, बुटांचे ठसे मोजतो, आणि शेवटी सगळ्यांना एका खोलीत बसवून स्वतःच बोलत सुटतो, बोलत सुटतो... खुनी बिचारा कंटाळून कबुली देतो. हीही तशीच होती. श्रीमंत माणसाचा खून, बंगला, बाग, आठ संशयित, प्रत्येकाची दोन-दोन नावं, खोटी दाढी, खोटा वकील. आणि एक बाई, मेलेल्या माणसाची बायको. ती सगळ्या पुस्तकात एक अक्षर बोलत नाही. खिडकीशी उभी असते. लोक येतात, तिला ओलांडून खिडकीची कडी तपासतात आणि जातात! मला वाटलं, मीच आहे ही.

तर शेवटी सगळे दिवाणखान्यात जमतात, आणि तो तपास करणारा तिच्याकडे वळतो आणि म्हणतो... तिथे पान संपतं, फर्मा संपतो. मी पुढचा फर्मा उघडला. तो म्हणतो, "तुम्ही इतके दिवस गप्प का राहिलात?" आणि ती म्हणते, "तुम्ही विचारलंच नाहीत."

अहो, माझ्या अंगावर काटा आला! तुम्ही विचारलंच नाहीत! कसलं वाक्य आहे! आणि मग काय, ती बोलतच राहते, तो ऐकतच राहतो, दोघं बागेत जातात. आता मान्य करते, जरा विचित्र होतं. बाकीचे संशयित कुठे गेले कळेना, मला वाटलं लेखकाने त्यांना समजूतदारपणे बाहेर पाठवलं असणार. दोघांची नावं बदललेली होती, मला वाटलं, चला, अखेर खरी नावं बाहेर आली! त्या तपास करणाऱ्याला अचानक एक आजारी आई निघाली, एक कुत्रा निघाला. निघू शकतो, माणूस आहे. आणि खुनाचं काय? काही नाही. तो विषयच नाही. मेलेला पडून राहिला बिचारा. मी म्हटलं, काय धाडसी लेखक आहे! याला कळलं की खुनी कोण यापेक्षा ती गप्प का, हे जास्त महत्त्वाचं आहे!

आणि मी ठरवलं. मी बोलणार. आयुष्यात पहिल्यांदा मी आपणहून बाईंना जाऊन म्हटलं, "बाई, मी बोलू?" बाई म्हणाल्या, "अं?" मी पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटल्यावर त्यांना ऐकू गेलं, आणि त्यांनी मला मिठीच मारली.

आता नेमकं त्याच दिवशी पाहुण्या कोण? तर ग्रंथालयाच्या ग्रंथपाल बाई! त्यांना सगळे "शांतता" म्हणतात, कारण त्या दुसरं काही म्हणतच नाहीत. पुस्तक देताना शांतता, घेताना शांतता, एकदा त्यांना शिंक आली तर स्वतःलाच म्हणाल्या, "शांतता!" मला त्या आवडायच्या, कारण साऱ्या जगात ती एकच जागा आहे जिथे माझ्या स्वभावाचं कौतुक होतं. पण आमच्या घरात त्यांचं नाव निघालं की बाबांचा चेहरा उतरतो. का, ते सांगते. मागे एकदा बाबांच्या हातून एक पान उलटं चिकटलं. एकच पान. तर शांताताईंनी... बघा, आमच्या घरात त्यांचं असंही नाव पडलंय... त्यांनी ते पुस्तक सगळ्यांसमोर टेबलावर उघडलं आणि म्हणाल्या, "तुमची नजर गेली असेल तर सांगा. तो यंत्रवाला डिंक लावून एका दिवसात पेटी परत करतो. पुन्हा असं झालं तर काम तिकडे." बाबांनी घरी येऊन ते पान सुलटं केलं आणि कितीतरी वेळ त्याच्यावरून अंगठा फिरवत बसले. जेवायला हाक मारली तर म्हणाले, "खळ वाळू दे." खळ केव्हाच वाळली होती. मी बघितलं होतं.

आई तेव्हापासून म्हणतेय, "चष्मा करा." आणि बाबा म्हणतात, "माझी बोटं बघतात."

तर ते सभागृह. पहिल्या रांगेत शांतता, शेजारी बाई, मागे सगळी शाळा. मी माइकसमोर गेले, माइक माझ्यापेक्षा उंच, खाली ओढला तर आवाज होईल म्हणून मी टाचा उंचावून उभी राहिले. आणि बोलले! माझा मलाच आवाज ऐकू आला, केवढा मोठा! मी म्हटलं, "मला ही रहस्यकथा आवडली, कारण तिच्यात खुनी सापडत नाही. जी बाई बोलत नाही तिला काही सांगायचं असेल, हे तपास करणाऱ्याच्या शेवटपर्यंत लक्षात येत नाही. तो सगळ्यांना प्रश्न विचारतो, तिला सोडून. आणि शेवटी तिच्याकडे वळतो."  पाय दुखत होते, पण मला कळत नव्हतं. बाईंनी डोळे मिटले होते. "किती वेगळा विचार! आपलं, स्वतःचं..."

"बाई!"

हात वर. आमच्या वर्गात एक मुलगी आहे, तिला हातवर म्हणतात, कारण तिचा हात खाली कुणी बघितलेला नाही. ती पुस्तकाचं शेवटचं प्रकरण आधी वाचते, वेळ वाचतो म्हणे. "बाई, ही खोटं बोलतेय. आमच्या घरी आहे ते पुस्तक. खुनी सापडतो. माळी असतो. तो तपासवाला म्हणतो, 'माळ्याचे हात पाहा!' आणि बेड्या घालतात. हिने वाचलेलंच नाही!"

अख्खी शाळा हसली. ज्वालामुखीची पात्रं जिवंत म्हणणारा तर सगळ्यात मोठ्याने!

आणि मी तिथे चवड्यांवर उभी... आणि माझ्या डोळ्यांसमोर आमची बाहेरची खोली आली. कारण ती रहस्यकथा सुटी पडली होती ना, तेव्हा तिच्या शेजारी एक प्रेमकथाही सुटी पडली होती. दोन्ही एका छापखान्यातल्या, दोन्हींचा आकार तोच, अक्षर तेच, पानावर पुस्तकाचं नाव छापलेलं नाही, नुसता आकडा, आणि दोन्हींचा शेवटचा फर्मा एकाच आकड्यापासून सुरू! ती प्रेमकथाही मी चोरून वाचत होते, आणि शेवट यायच्या आत पेटी परत गेली होती. त्या प्रेमकथेतल्या माणसाची आई आजारी होती. त्याला कुत्रा होता. अहो, मला तो कुत्रा तिथेच ओळखू यायला हवा होता!

बाबांनी शेवटचे फर्मे अदलाबदल करून लावले होते. आकडे बरोबर, पुस्तकं चूक. बोटांना कसं दिसणार हो?

तेवढ्यात पहिल्या रांगेतून आवाज आला. "थांबा." शांतता! त्या बोलल्या की गंमत म्हणजे खरोखरच शांतता होते. "ए मुली, तू कुठली प्रत वाचलीस? आमच्याकडची? नुकतीच बांधून आलेली?" आणि बाईंकडे वळून, "हिचे वडीलच बांधतात. मागे एकदा त्यांनी..." आणि हाताने उलटं पान करून दाखवलं.

आता तुम्हीच सांगा, काय बोलायचं? "तीच प्रत" म्हटलं, की मी खरी. हातवर खाली. बाई पुन्हा डोळे मिटणार. आणि दुसऱ्या दिवशी आमच्या दारातून पेट्या उचलून यंत्रवाल्याकडे. दोनच शब्द होते. माझं नशीब बघा, सगळ्या शाळेत मी एकटीने पुस्तक शेवटपर्यंत वाचलं होतं, कुणाच्या तरी शेवटापर्यंत का होईना, आणि मी म्हटलं, "नाही. मी वाचलं नाही. मनाने सांगितलं."

आणि काय झालं असेल? सांगा, काय झालं असेल? बाई उभ्या राहिल्या, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "बघा मुलांनो! चूक कबूल करायला धैर्य लागतं. याला म्हणतात, आपलं, स्वतःचं, प्रामाणिक!"

टाळ्या! मी आयुष्यात एवढ्या लोकांसमोर एकदाच खोटं बोलले, आणि त्यालाच टाळ्या!

वर शिक्षा. शिक्षा नव्हे, संधी, बाई म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात तेच पुस्तक पूर्ण वाचून पुन्हा मत द्यायचं. आणि शांतता म्हणाल्या, "प्रत मी उद्या शोधून काढून ठेवते." शोधून! म्हणजे उघडून!  शाळा सुटल्यावर मी थेट ग्रंथालयात पळत गेले आणि त्यांच्या मदतनिसाकडून रहस्यकथा ताब्यात घेतली. पण प्रेमकथा? प्रेमकथांच्या कपाटाला कुलूप. आमच्या वयाच्या मुलींना ती मिळत नाहीत. माझ्या त्यातल्या जवळजवळ सगळ्या वाचून झाल्यात, पण मिळत नाहीत!

म्हणून आईला सांगावं लागलं. सगळं सांगितलं. आई सुईत दोरा ओवत होती, तिने ओवून घेतला, गाठ मारली आणि म्हणाली, "बाबांना बोलली नाहीस ना?"

"नाही."

"बोलू नकोस. चष्म्याचं मी बघते. माझं कार्ड कुठाय?"

बाइंडरच्या घराला ग्रंथालयाचं एक कार्ड फुकट मिळतं. आईने ते कधी वापरलं नव्हतं. आमची आई, जिने आजवर हजारो पुस्तकं शिवली, ती पहिल्यांदा पुढच्या दाराने आत गेली, मी तिच्यामागे. शांततांनी चष्म्यावरून बघितलं.

"काय हवंय?"

"प्रेमाचं पुस्तक," आई म्हणाली. अशी खणखणीत, की वाचनकक्षातले दोन म्हातारे वर्तमानपत्रातून बाहेर आले.

"तुमच्यासाठी?"

"मग काय शेजारणीसाठी? तपकिरी कापडाचं आहे बघा, वरून दुसऱ्या फळीवर. माझंच शिवलेलं आहे."

शांततांनी कुलूप काढलं, पुस्तक दिलं, आणि काय म्हणाल्या असतील? "हे फार जणी नेतात हो हल्ली. सगळ्या म्हणतात, शेवट फार धक्कादायक आहे."

म्हणजे बघा! कितीतरी बायकांनी ती प्रेमकथा वाचली. नायक नायिकेकडे वळून म्हणतो, "माळ्याचे हात पाहा!" आणि पोलीस बेड्या घेऊन येतात, आणि एकीनेही तक्रार केली नाही! त्यांना वाटलं असेल, प्रेमात होतं असं कधी कधी.

बाबा कापड आणायला बाहेर गेले तेव्हा आम्ही दोघींनी ती पुस्तकं उघडली. आईने ब्लेडने दोरा कापला, मी फर्मे सोडवले, आईने एक ओळ वाचली, माळ्याच्या हाताची, आणि ती इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. मग तो फर्मा डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, आणि म्हणाली, "किती बारीक आहे गं अक्षर..." तिने शिवलं, मी खळ लावली, चाक फिरवलं. बाबांचं काम बाबांच्या नकळत बाबांसारखं करायचं होतं, म्हणून कोपऱ्यावर जिथे त्यांच्या अंगठ्याचा ठसा उमटतो तिथे आईने स्वतःचा अंगठा दाबला.

आणि मग मी खरे शेवट वाचले. नसते वाचले तर बरं झालं असतं. रहस्यकथेत तो तिच्याकडे वळतो आणि म्हणतो, "बाई, जरा बाजूला व्हा. आणि आता सगळे माळ्याचे हात पाहा!" बाजूला व्हा! एवढ्यासाठी वळला होता! आणि ती होते बाजूला. पुढे पुस्तक संपेपर्यंत तिचा उल्लेख नाही. आणि ते माझं वाक्य, "तुम्ही विचारलंच नाहीत," ते प्रेमकथेत आहे. आणि त्या प्रेमकथेतली नायिका कशी, तर पहिल्या पानापासून अखंड बडबडतेय! गच्चीत बोलते, पत्रात बोलते, तापात बोलते! ती कधी गप्प होती? मला तर त्या बाईचा एवढा राग आला... माझ्या खिडकीशी उभ्या बाईचं वाक्य घेऊन बसलीये.

तुम्हाला खरं सांगू? चूक होती तोवर दोन्ही पुस्तकं चांगली होती. आम्ही दोघींनी बसून ती बरोबर केली आणि बिघडवली. हे माझं मत. आपलं, स्वतःचं, प्रामाणिक. पण हे सभागृहात सांगता येतं का?

तर पुढच्या आठवड्यात मी पुन्हा उभी. पुस्तक हातात, तपकिरी कापड, वर चित्र नाही की नक्षी नाही, नुसता ग्रंथालयाचा आकडा. मी ते सगळ्यांना दिसेल असं धरलं आणि म्हटलं, "खुनी माळी असतो. भाषा ओघवती आहे, पात्रं जिवंत आहेत आणि मुखपृष्ठ आकर्षक आहे."

टाळ्या! हातवरने सुद्धा दोन्ही हात वापरून वाजवल्या! बाई म्हणाल्या, "आता कसं! आता खरं मत आलं." शांतता मान डोलावत होत्या, त्या कोऱ्या कापडाकडे बघून!

संपलं असं वाटलं ना तुम्हाला? मलाही वाटलं. काल बाबा पेटी पोचवायला ग्रंथालयात गेले होते. आले, नवी पेटी ठेवली, हात धुतले, माझ्यासमोर येऊन बसले. त्यांच्या नाकावर नवा चष्मा होता, आईने अखेर करायला लावलेला, तो त्यांनी काढून पुसला, कारण चष्मा घालून रागवायची त्यांना अजून सवय नाही. म्हणाले, "ग्रंथपाल बाई भेटल्या. म्हणाल्या, तुमच्या कामात हल्ली जरा म्हणून खोट नाही." आणि थांबले. "म्हणाल्या, पण मुलीकडे लक्ष द्या. न वाचता खोटं खोटं सांगते, भर सभेत."

आईची सुई थांबली. मी आईकडे बघितलं, आईने दोऱ्याकडे. बोलावं का? दोनच शब्द होते. पण बाबांनी मला विचारलं कुठे होतं? त्यांनी चष्मा पुन्हा घातला, आणि अगदी मायेने, हो, रागाने नव्हे, मायेने म्हणाले,

"घरात एवढी पुस्तकं येतात गं. त्यातलं एखादं तरी वाचत जा."

"हो बाबा," मी म्हटलं, आणि वहीतला फर्मा जरा आणखी आत सरकवला.